मारून घेतलेली कबुली

चोराच्या पाठीवर काठी पडल्यावांचून त्याच्या तोंडून खरें निघत नाहीं, असें गांवोगांव बोललें जातें. मग अशी कबुली कायदा कोर्टांत कां घेऊं देत नाहीं? ती खरी असली तर हरकत कोणती? या प्रश्नाचा आमच्या वाचकांनीं शांतपणें विचार करावा.

मद्रास इलाख्यांतील छळाची चौकशी करणाऱ्या कमिशनाचा अहवाल १८५५ सालीं निघाला. सारा वसूल करण्यासाठीं व गुन्हा कबूल करविण्यासाठीं लोकांचीं बोटें लाकडी चिमट्यांत दाबीत, त्यांस वांकवून बांधीत, असें त्यांत उघड झालें. पुढें १८६१ च्या फौजदारी कायद्यांत असा नियम आला कीं, पोलीस अंमलदाराजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करतां येणार नाहीं. तोच नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत घेतला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही तो कायम आहे. मॅजिस्ट्रेटापुढें कबुली देतां येते. परंतु ती देण्यास तूं बांधलेला नाहींस, हें त्यानें आरोपीस आधीं सांगितलें पाहिजे. महाराष्ट्रांत संघटित गुन्हेगारीविषयींच्या १९९९ च्या कायद्यानें पोलीस अधीक्षकापुढील कबुलीस वाट दिली आहे. तथापि तीही स्वेच्छेचीच असावी लागते.

या नियमाचें कारण उघड आहे. काठी दोषी व निर्दोषी असा भेद जाणत नाहीं. निर्ढावलेला चोर मार सोसून गप्प राहतो. दुबळा निरपराधी वेदना थांबावी म्हणून हवें तें कबूल करतो. परीक्षा होते ती कातड्याची, सत्याची नव्हे.

बरें, कबुली खरी निघाली तर? ज्याचें घर फुटलें त्याचें दुःख आम्ही हलकें लेखीत नाहीं. चोर सुटला तर तो दुसऱ्यांदां लुटला गेला. तथापि मारून घेतलेली कबुली आज चालली, तर उद्यां उन्हातान्हांत हिंडून पुरावा शोधण्याचे श्रम कोण करील? जो प्रथम हातीं लागेल तोच चोर ठरेल. आणि तो बहुधा गरीब, निरक्षर, ज्याच्यासाठीं बोलणारा कोणी नाहीं असाच असेल. पश्चात्तापाच्या अंगीकारास मोल आहे तें तो मनुष्याच्या अंतःकरणांतून निघतो म्हणून. काठीनें काढलेले शब्द त्याचे नव्हेत, काठीचे होत.

एक गोष्ट मात्र आमच्या लोकांच्या हातीं आहे. आरोपीच्या सांगण्यावरून चोरीचा माल सांपडला, तर त्या शोधापुरतें त्याचें बोलणें कोर्ट ऐकतें. आणि तें बोलणें व तो माल यांची साक्ष देण्यास गांवांतून पंच बोलावितात. जें आपण स्वतः ऐकलें नाहीं व पाहिलें नाहीं, त्या पंचनाम्यावर सही करूं नये, अंगठाही देऊं नये. त्या एका सहीवर कोणाचें आयुष्य तुरुंगांत जावयाचें असेल.