पाळी कोणाची?

रांगेंत उभा राहणारा मनुष्य एक लहानसा करार पाळीत असतो. आपल्या पुढें जो आला त्याचा हक्क आपल्याहून ज्येष्ठ, एवढाच तो करार. आणि तो इतका सोपा आहे कीं, त्याचें समर्थन कोणी विचारीत नाहीं. परंतु निरनिराळ्या रांगा एकाच दाराशीं येऊन मिळतात तेव्हां काय करावें, हा प्रश्न मात्र तितका सरळ नाहीं.

डहाणूस जातां-येतां तो माझ्यापुढें वारंवार उभा राहिला आहे. 2013 सालीं उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत येऊं लागल्या, तेव्हां विरारपर्यंत चार असलेले रूळमार्ग तेथून उत्तरेस दोनच होत होते. एक जाण्याचा, एक येण्याचा. चर्चगेटकडून येणाऱ्या लोकल, गुजराथ-दिल्लीकडे धांवणाऱ्या मेल-एक्सप्रेस आणि दिव्याहून वसईमार्गें येणाऱ्या मालगाड्या, अशा तीन रांगा. प्रत्येकींतला क्रम ठरलेला, आणि पुढची वाट एकच. त्या एकमेकींत गुंफावयाच्या कशा?

गणकयंत्राच्या शास्त्रानें याचें उत्तर फार सुरेख दिलें आहे. क्रमवार लावलेल्या याद्या एकत्र गुंफण्याची रीत जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानें 1945 सालीं मांडली. साऱ्या याद्या चाळण्याचें कारणच नाहीं. प्रत्येकींतला केवळ पहिला पाहावा; ज्याचा मान आधीं त्यास सोडावें; आणि ज्या रांगेंतून तो गेला तिच्यांतलाच पुढचा त्याच्या जागीं आणावा. रांगा पुष्कळ असल्या तर या अग्रभागींच्या मंडळींची एक उतरंड रचतात. ही रचना विल्यम्स यांनीं 1964 सालीं प्रसिद्ध केली. हजार रांगा असल्या तरी नवा येणारा सुमारें दहा पायऱ्यांत आपल्या योग्य जागीं बसतो.

हें सर्व ठीक. पण 'ज्याचा मान आधीं' हे तीन शब्द शास्त्राचे नव्हेत. ते बाहेरून कोणीतरी सांगावे लागतात. मान येण्याच्या वेळेवरून ठरविला तर रांगेचा मूळ करार अखंड राहतो. तो दर्जावरून ठरविला तर जलद गाडीसाठीं लोकल बाजूच्या रुळावर उभी करावी लागते. आणि जलद गाड्या येतच राहिल्या तर? मिटलेल्या याद्यांत प्रत्येकाची पाळी केव्हां तरी येतेच. वाहत्या रांगेंत खालच्या दर्जाच्याची ती कधींच न येण्याचा संभव असतो. त्या शास्त्रांत या अवस्थेस 'उपासमार' याच अर्थाचें नांव आहे.

हा शब्द तलासरीच्या बाजूस अलंकार म्हणून वापरतां येत नाहीं. त्याच 1945 सालच्या मे महिन्यांत, आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी येथें हजारों वारली किसान सभेच्या परिषदेस जमले आणि यापुढें वेठ करणार नाहीं असें त्यांनीं ठरविलें. ती हकीकत गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथांत लिहिली आहे. वेठ म्हणजे फुकट राबणें, एवढाच अर्थ आपण शहरांतले लोक घेतों. पण तिच्यांत क्रमाचाहि प्रश्न होता. पाऊस पडला कीं सावकाराचें शेत आधीं. तें नांगरून, लावून झालें म्हणजे मग स्वतःच्या तुकड्याकडे पाहावयाचें. भाताचीं रोपें फार दिवस वाट पाहत नाहींत. खंड आणि कर्ज क्षणभर बाजूस ठेवलें तरी, एक दाणा न उचलतां, केवळ पाळी मागें ढकलून माणसाचें पीक हिरावतां येतें. पाळीचा हा झगडा लहान नव्हता. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच आदिवासी मेले.

कोणी म्हणेल, रुग्णवाहिकेस वाट द्यावयाची नाहीं काय? दिलीच पाहिजे. पण तेथें घाई रुग्णाच्या देहांत असते, प्रतिष्ठेंत नव्हे. आणि उद्यां मी रुग्ण झालों तर तोच मान मलाहि मिळेल. सावकाराचा मान वारल्यास कधींहि मिळणार नव्हता. एक्सप्रेसचें प्रकरण मला या दोहोंच्या मध्यें कोठें तरी वाटतें. लांबच्या गाडीचा विलंब पुढें अनेक ठिकाणीं पसरतो, हें खरें. हेंहि खरें कीं, त्या गाडींत बसून मीं कितीदां तरी बाजूस थांबलेल्या लोकलवरून नजर फिरविली आहे, आणि ती माझ्यासाठीं थांबली आहे हें मनांतहि आलेलें नाहीं.

यंत्रशास्त्रज्ञांनीं उपासमारीवर एक तोड काढली आहे. जो जितका वेळ थांबेल तितका त्याचा मान आपोआप वाढवीत न्यावयाचा. म्हणजे थांबणें हीच एक मिळकत ठरते. मला ही युक्ति नीतिशास्त्राच्या पुष्कळ ग्रंथांपेक्षां समंजस वाटते. अडचण एकच: थांबण्याची मोजणी कोठून सुरू करावयाची? तलासरीच्या एखाद्या पाड्यावरचा मजूर पहांटे अंधारांत निघून, मिळेल त्या वाहनाची वाट पाहत डहाणू रोडला पोहोंचतो, तेव्हां स्थानकाचें घड्याळ त्यास नुकताच आलेला समजतें.