कापणीआधीचा निवाडा

दुसऱ्यांचा न्याय करू नका असे येशू ख्रिस्ताने सांगितले, हे ज्यांनी बायबल कधी उघडलेले नाही त्यांनाही ठाऊक असते. २०१३च्या जुलैमध्ये ब्राझीलहून परतताना पोप फ्रान्सिस यांना विमानात समलिंगी व्यक्तींविषयी प्रश्न विचारला गेला. निवाडा करणारा मी कोण, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि जगभर त्याचे मथळे झाले. कुणाला हायसे वाटले, कुणाच्या कपाळाला आठी पडली. दोघांनी गृहीत मात्र एकच गोष्ट धरली होती. न्याय करायचा नाही म्हणजे बरे-वाईट, खरे-खोटे काही मानायचेच नाही!

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय सलग वाचला तर हे गृहीतक टिकत नाही. कुसळ आणि मुसळ तिथलेच. पण आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असा तो उपदेश आहे. कुसळ काढायला बंदी नाही, क्रम तेवढा ठरवून दिला आहे. याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहायला सांगितले आहे आणि झाड फळावरून ओळखावे असेही म्हटले आहे. पारख केल्याशिवाय यातले काहीच जमणार नाही.

मग मनाई कशाची? माझ्या समजुतीप्रमाणे हा सगळा प्रश्न हद्दीचा आहे. ख्रिस्ती परंपरेत निवाडा आहेच. तो कोणी, केव्हा आणि कोणाचा करायचा याला मात्र मर्यादा घातलेल्या आहेत. त्या परंपरेतली सहिष्णुता या मर्यादांवर उभी आहे, आणि तिथला छळही या मर्यादांना कुणी ना कुणी अपवाद काढला तेव्हा सुरू झाला.

पहिली मर्यादा वेळेची. तेराव्या अध्यायात शेताचा दृष्टांत आहे. गव्हाच्या शेतात शत्रू रात्री येऊन निदण पेरून जातो. निदण उपटून काढू का, असे चाकर विचारतात, तर मालक नाही म्हणतो. उपटायला जाल तर गहूही मुळासकट निघेल. दोन्ही वाढू द्या, कापणीच्या वेळी बघू. निदण गव्हाइतकेच चांगले आहे, असे मालक म्हणत नाही. चाकरांच्या नजरेवर आणि हातावर त्याचा भरवसा नाही, एवढेच.

दुसरी मर्यादा क्षेत्राची. करिंथच्या मंडळीत एकाने बापाच्या बायकोशी संबंध ठेवले होते आणि मंडळी गप्प होती. प्रेषित पौलाने पत्रातून त्यांना खडसावले. त्याला बाहेर काढा, पण मंडळीबाहेरच्या लोकांचा न्याय करणे आपले काम नाही, तो देव करील, असे त्याने लिहिले. म्हणजे कडक व्हायचे ते घरात. शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर अधिकार संपतो.

पुढे झाले नेमके उलटे. सुरुवात ऑगस्टीनसारख्या थोर ख्रिस्ती विचारवंतापासून झाली, म्हणून ती जास्त बोचते. उत्तर आफ्रिकेत डोनाटस पंथाच्या लोकांनी वेगळे चर्च थाटले होते. विश्वास सक्तीने येत नाही, तेव्हा वाद घालावा, समजावावे, असे ऑगस्टीनचे आधीचे मत होते. ४०५ साली रोमन सम्राटाने या पंथाविरुद्ध फर्मान काढले, दंड बसवले. गावेच्या गावे मुख्य चर्चमध्ये परतू लागली. ते पाहून आपले मत बदलल्याचे ऑगस्टीनने एका पत्रात मोकळेपणाने लिहिले आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या गोष्टीत यजमान चाकराला लोकांना आग्रहाने आत आणायला सांगतो. त्यात त्याला सक्तीचा आधार सापडला. निदणाच्या दृष्टांतालाही त्याने वाट काढली. निदण स्पष्ट ओळखू येत असेल आणि गव्हाला धोका नसेल, तर उपटायला हरकत नाही. देहदंडाला त्याचा विरोध होता, हे खरे. पण एकदा ते दार किलकिले झाल्यावर पुढच्या शतकांनी ते सताड उघडले. आपल्याला निदण स्पष्ट ओळखू येत नाही असे कबूल करणारा न्यायाधीश सहसा सापडत नाही.

मिगेल सर्व्हेटस हा स्पॅनिश वैद्य. हृदयातून फुप्फुसांकडे आणि परत असा रक्ताचा प्रवास त्याने वर्णन केला, तो एका धर्मविषयक ग्रंथात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत त्याच ग्रंथात त्याने नाकारला. १५५३च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या व्हिएन इथे कॅथलिकांनी त्याला दोषी ठरवले. तो निसटला होता म्हणून त्याचा पुतळा जाळला. ऑगस्टमध्ये तो प्रोटेस्टंट जिनिव्हात पकडला गेला आणि २७ ऑक्टोबरला तिथे त्याला जिवंत जाळण्यात आले. एकमेकांना पाखंडी म्हणणाऱ्या दोन्ही पक्षांचे या एका बाबतीत एकमत झाले. खटल्यामागे जिनिव्हातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन होता. कॅल्व्हिनच्या स्वतःच्या अनुयायांना फ्रान्समध्ये याच आरोपाखाली जाळले जात होते.

पुढच्याच वर्षी बासेलहून टोपणनावाने एक पुस्तक निघाले. पाखंडी लोकांचा छळ करावा काय, असा त्याचा प्रश्न होता. त्यामागे सेबास्टियन कास्टेल्यो हा भाषापंडित होता. त्याने जुन्या-नव्या ख्रिस्ती लेखकांचे सहिष्णुतेच्या बाजूचे उतारे गोळा केले, त्यात ल्यूथर होता आणि खुद्द कॅल्व्हिनही. पाखंडी कोण हे खूप शोधून पाहिल्यावर, आपल्याशी ज्याचे पटत नाही त्याला आपण पाखंडी म्हणतो, एवढेच हाती लागते, अशा आशयाचे त्याने लिहिले. नंतरच्या लेखनात तर त्याने सरळ म्हटले, की माणूस जाळल्याने सिद्धांताचे रक्षण होत नाही, फक्त माणूस मरतो. कास्टेल्यो श्रद्धाहीन नव्हता. त्याने बायबलचे लॅटिन आणि फ्रेंच भाषांतर केले. शेताच्या मालकाचा हुकूम त्याने गांभीर्याने घेतला, एवढाच त्याचा गुन्हा. १९०३ साली सर्व्हेटसला जाळले त्या जागेजवळ कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी प्रायश्चित्ताची शिळा उभारली. साडेतीनशे वर्षांनी का होईना, मुसळाकडे लक्ष गेले.

क्षेत्राची मर्यादा कशी मोडली जाते, हे पाहायला आपल्याला युरोपात जायला नको. गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० साली सुरू झाले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२पर्यंत चालले. अ. का. प्रियोळकरांनी त्यावर १९६१ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. हिंदूही त्याच्या कचाट्यातून सुटले नाहीत, पण खटल्यांचा मोठा भर बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. बाप्तिस्मा दिला की माणूस घरातला, आणि घरातल्याचा न्याय करायला मुभा! पौलाने आखलेली रेघ पुसली नाही, तिच्या आत माणसे ओढून घेतली. १४ एप्रिल १७३६च्या हुकूमनाम्यात काय काय निषिद्ध होते? लग्नातली पारंपरिक गाणी, पान-सुपारी वाटणे, नवरा-नवरीला हळद लावणे, दारात तुळस लावणे, धोतर, चोळी. आणि भात हिंदूंसारखा मीठ न घालता शिजवणे. आळणी भाताचे मडके कोणाच्या चुलीवर आहे, हे धर्मन्यायालयाला पाहावेसे वाटले. स्वतःचा उंबरा विसरलेला निवाडा शेवटी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोचतो.

हीच गोष्ट सौम्य रूपात, प्रेमापोटीही घडते. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. इकडे त्यांच्यावर झोड उठली. पण तिकडच्या मायाळू ख्रिस्ती भगिनीही त्यांना तोलतच होत्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केलेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की हे दिसते. त्रैक्याविषयी त्या शंका का घेतात, चर्चच्या अधिकाऱ्यांचे का ऐकत नाहीत, खाण्यापिण्यातला जातीचा अभिमान का सोडत नाहीत? रमाबाईंनी उलट विचारले, की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कुणाला त्रास न देता आपल्या चालीने राहिली, तर तिला गर्विष्ठ म्हणाल का? एका पुरोहितवर्गाचे जू नुकते उतरवले आहे, दुसरे मानेवर घेणार नाही, असेही त्यांनी बजावले. ख्रिस्तावरची त्यांची निष्ठा यातून कमी झाली नाही.

मात्र रमाबाईंच्याच आयुष्यात प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. त्यांनी विधवा मुलींसाठी काढलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला खोलीचे दार उघडे असे, मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली प्रकरण पेटले, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी जबरदस्ती केली नव्हती. पण आसरा देणारी आणि आश्रित यांच्यात उघड्या दाराचा अर्थ तितकासा साधा राहत नाही. निवाडा लांबणीवर टाकणारी श्रद्धा मुकी असायला हवी असे नाही. तिने आपल्या हातातल्या सत्तेचा हिशेब मात्र ठेवायलाच हवा.

कॅथलिक चर्चने हा हिशेब उशिरा मांडला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २३०८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केला. सत्य एकच आहे, हा दावा त्यात सोडलेला नाही. तरीही धर्माच्या बाबतीत माणसावर सक्ती करता येणार नाही, कारण ते त्याच्या प्रतिष्ठेला धरून नाही, असे म्हटले आहे. आधाराला तोच शेताचा दृष्टांत आहे. आणि करिंथच्या पत्राचा धडा? बाहेरच्यांवर शतकानुशतके बोट रोखणाऱ्या संस्थेत मुलांवर अत्याचार करणारे धर्मगुरू पाठीशी घातले गेले, हे गेल्या काही दशकांत देशोदेशी उघड झाले. जिथे कडक व्हायचे तिथे पांघरूण, जिथे हात आवरायचा तिथे आसूड.

हे सगळे ख्रिस्ती घरातले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणता येईल. पण 'सगळे धर्म सारखेच' या वाक्यावर आपण फार विसंबतो. ज्याला कशाचेच फारसे सोयरसुतक नाही, त्याला हे वाक्य फुकटात मिळते. आणि तेच वाक्य म्हणणारा माणूस, समोरचा आपल्याला चुकीचे ठरवतो आहे असे कळताच, कसा बिथरतो हेही आपण पाहतो. सारखेपणा मान्य नसलेल्या दोन माणसांना एका चाळीत राहता यावे यासाठी लागते ती सहिष्णुता वेगळी. तू चुकतो आहेस असे मला वाटते, ते मी तुला सांगेनही. पण तुझा निकाल लावण्याचा अधिकार मला नाही, आणि तो मिळाला तरी मी घेणार नाही. ही भूमिका घ्यायला आधी स्वतःची श्रद्धा असावी लागते आणि मग तिच्या हद्दीचे भान. यातले पहिले आपल्याकडे मुबलक आहे. दुसऱ्याची टंचाई कोणत्याही एका धर्माच्या नावावर खपवता येणार नाही.