शेवटचा कोस

चालायला निघालेल्या माणसाने धावावे केव्हा, हा प्रश्न सकृद्दर्शनी तालमीतला वाटेल. मला मात्र तो अलीकडे नीतीचा प्रश्न वाटू लागला आहे.

म्हसळ्याच्या माणसाला समुद्र आधी भेटतो तो खाडीच्या रूपाने. राजपुरीची खाडी जंजिऱ्यापासून आत शिरत शिरत आमच्या गावाशी येऊन थांबते. भरती-ओहोटी आम्हांला दिसते, लाट दिसत नाही. समुद्राची वार्ता रोज यावी आणि समुद्र मात्र डोंगरापलीकडे राहावा, अशी आमची स्थिती! म्हणूनच असेल, सह्याद्रीच्या माथ्यावरून निघून पायी समुद्र गाठावा अशी इच्छा मनात फार दिवस होती. गेल्या पौषात ती पुरी झाली. सोबतीला आमच्या शाळेतले एक गुरुजी होते. माझ्याहून सहा वर्षांनी वडील. ताम्हिणीचा घाट उतरून निजामपूर, माणगाव, मोर्बा, साई, म्हसळा आणि शेवटी श्रीवर्धन असा मार्ग ठरला. जमेल तेथे सडक सोडून पायवाटेने जायचे, चढ चालत चढायचा, सपाटी आली की थोडे धावायचे. समुद्राचे पाणी मात्र दोघांनी एकदमच शिवायचे, असा करार होता.

चौथ्या दिवशी गुरुजींचा गुडघा सुजला. श्रीवर्धनच्या अलीकडे एका टेकाडावरून पोफळींच्या शेंड्यांवर निळी रेघ दिसली, तेव्हा ते जांभ्या दगडावर टेकले होते. माझी चुळबूळ त्यांनी पाहिली. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी येतो हळूहळू." मी पाठीवरची पिशवी तिथेच टाकली आणि धावत सुटलो.

त्या धावण्यातला आनंद मी नाकारणार नाही. चार दिवस दुखणारे पाय दुखायचे विसरले. वाळू लागली, सुरूची झाडे मागे पडली आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. मग मात्र पुढे काय करावे ते सुचेना. डोंगरमाथ्यावर पोचलेला माणूस चारी दिशांना पाहतो. समुद्राशी पोचलेल्याला पाहायला एकच बाजू उरते, आणि तिकडे कोणी नसते. मी मागे वळलो. किनाऱ्यावरही माझे कोणी नव्हते.

पंढरीच्या वाटेवर वेळापूरला धावा असतो. तिथून तुकोबांना कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. कित्येक दिवस चाललेले वारकरी आजही तिथल्या उतारावरून धावतात. पण धावते ती सारी दिंडी. पुढच्याला मागच्याच्या टाळांचा आवाज ऐकू येत असतो.

ग्रीकांचीही एक गोष्ट आहे. इराणच्या राजाशी लढायला गेलेली त्यांची दहा हजारांची फौज आर्मेनियाच्या बर्फातून माघारी येत होती. इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास तिची आघाडी एका डोंगरावर चढली आणि काळा समुद्र पाहून ओरडू लागली. पिछाडीला असलेल्या झेनोफनला वाटले, शत्रू आला. घोडा पिटाळीत तो मदतीला धावला. मग ओरडणे कशाचे ते उमगले आणि पिछाडीही पळत वर आली. शिपाई आणि सरदार एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. आधी पाहिले ते पुढच्यांनी, पण त्यांची हाक मागे पोचली होती. मी हाक मारली नव्हती. मारायची असते, हेच मला आठवले नव्हते.

दांडीयात्रा 12 मार्च 1930 रोजी साबरमतीहून निघाली. सुमारे 385 किलोमीटर चालून 5 एप्रिलला ती समुद्राशी पोचली. गांधीजींनी मीठ उचलले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. समुद्र गाठणे एवढेच ज्यांचे काम नव्हते, त्यांना तिथे पोचल्यावर पुढे काय, हा प्रश्न पडला नाही. माझे काम तेवढेच होते, आणि तेही मी निम्मेच केले होते.

तासाभराने गुरुजी लंगडत आले. त्यांच्या दोन्ही खांद्यांना पिशव्या होत्या. एक त्यांची, एक माझी. त्यांना दुरून पाहताच मी पाण्याबाहेर येऊन कोरड्या वाळूवर बसलो होतो. "थांबलात होय?" त्यांनी विचारले. मी गप्प राहिलो. त्यांनी माझ्या ओल्या विजारीकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, "चला, पाणी शिवू या."

कादंबरीत मी त्यांच्या तोंडी दोन कडक वाक्ये घातली असती. वाचकांनाही ती आवडली असती, आणि माझी सुटका झाली असती. रागावलेल्या माणसाचे देणे फेडता येते. ज्याने आपण होऊन "पुढे व्हा" म्हटले, त्याचे कसे फेडावे? परवानगी होती, हे खरे. पण ती त्यांनी स्वतःच्या सुजलेल्या गुडघ्यातून काढून दिली होती, आणि मी ती हक्काची समजून खर्चून टाकली. माझ्या चुकीपेक्षाही मला आज लाज वाटते ती कोरड्या वाळूवर येऊन बसण्याची.

यंदा पौषात पुन्हा जायचे ठरते आहे. गुरुजींचा गुडघा आता बरा आहे. पिशव्या मी घेणार आहे.