आवाज कुठून येतो?

मी मिरजेत राहतो आणि निवृत्त झाल्यापासून जवळची सगळी कामे सायकलीवर करतो. सायकल जुनी, काळी, 28 इंची, मागे कॅरिअर. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी तिचे मागचे चाक पंक्चर झाले. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराने पंक्चर काढून दिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाकातून आवाज येऊ लागला. टक्... टक्... टक्.

वरच्या वाक्यात मी ‘आणि’ असा शब्द लिहिला आहे. त्या सकाळी माझ्या मनात मात्र ‘म्हणून’ हा शब्द होता.

मी तडक दुकानात गेलो. उस्ताद चहा पीत होते, बाकावर चार गिऱ्हाइके बसली होती. मी सर्वांदेखत म्हणालो, “उस्ताद, तुमच्या पोरानं चाक बिघडवून ठेवलं. हाताला सफाई नाही त्याच्या.” पोरगा असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याने सायकल स्टँडवर लावून चाक जोरात फिरवले. आवाज नाही. “चाचा, काही वाजत तर नाही,” तो म्हणाला. “मग मी काय खोटं बोलतोय?” मी आवाज चढवला. उस्तादांनी गिऱ्हाइकाची बाजू घेतली. दुकानदाराला ती घ्यावीच लागते. त्या दिवसाची पोराची अर्धी मजुरी कापली गेली, हे मला पुढे कळले.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली तर आपण कावळ्याला हसून सोडून देतो. माणसाच्या बाबतीत आपण इतके उदार नसतो. त्यातही जो जवळ आहे, लहान आहे, उलटून बोलणार नाही, त्याच्याकडे बोट आधी जाते. एखाद्या वस्तीत काही घडले की पहिला संशय कोणावर घेतला जातो, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्याबद्दल मी सभांतून बोललो आहे, तावातावाने बोललो आहे. त्या सकाळी दुकानात मात्र यातले काही म्हणजे काही आठवले नाही.

आवाज जाईना, तेव्हा मी स्वतःच शोधायला बसलो. पहिले चार दिवस तर तो पायडलपाशीच येतो असे मला ठामपणे वाटत होते. पण फ्रेमच्या नळ्या पोकळ असतात, आवाज त्यांतून फिरतो आणि कानाला भलतीकडून ऐकू येतो. मग उतारावर पायडल मारणे थांबवले, तरी टक्-टक् चालूच. म्हणजे पायडल आणि क्रँक यांची सुटका झाली. टायरवर खडूने खूण केली. या चाकाची एक फेरी सात फुटांहून थोडी जास्त भरते, आणि दर फेरीला बरोबर एकदाच टक्. तेव्हा दोष चाकाच्या एकाच जागी होता.

पण एक गोष्ट उलगडत नव्हती. स्टँडवर चाक मुके, मी बसलो की बोलके. याचे कारण समजून घेताना मला सायकलीचे चाक नव्याने कळले. बैलगाडीचे ओझे खालच्या लाकडी आऱ्यांवर उभे असते. सायकलीचे स्पोक म्हणजे ताणून बसवलेल्या तारा. वजन आले की जमिनीकडच्या स्पोकांचा ताण कमी होतो, ते वर गेले की पुन्हा भरतो. ताण पुरेसा असला तर चाक हूं की चूं करत नाही. एखादा स्पोक मुळातच ढिला असला, तर दोन स्पोक जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे ते घासतात आणि टक् होते. म्हणजे पोराने स्टँडवर पाहिले ते खरे होते, मी रस्त्यावर ऐकले तेही खरे होते. ओझ्याखालीच उघडा पडणारा दोष ओझे उतरवून तपासला, तर दोन खरी माणसे एकमेकांना खोटी ठरवतात.

नातीला कॅरिअरवर बसवले आणि सायकल हाताने ढकलत अंगणात फिरवली. खडूची खूण जमिनीपाशी आली की टक्. मग स्पोक नखाने छेडून पाहिले. मिरजेच्या माणसाला तार छेडून कान लावणे कोणी शिकवावे लागत नाही. इथल्या सतारमेकरांच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या दुकानांवरून जाताना सूर जुळवणे कानावर पडतच असते. मागच्या चाकाला 40 स्पोक. फ्रीव्हीलच्या बाजूचे जरा चढे, दुसऱ्या बाजूचे जरा उतरते, पण सगळे खणखणीत. खुणेपाशी दोनच बोदे बोलले. आणि तिथेच रिमला बोटाला लागेल एवढा पोचा.

टायर काढताना पाना लागला तर रिमचा काठ वाकेल, रिम अशी आत दबणार नाही. ती दबते दगडावर आपटली तर. मग मला आठवले. म्हणजे विसरलो नव्हतोच, बाजूला ठेवले होते. पंक्चर झाले त्या दुपारी मी गिरणीतून 15 किलोचे दळण घेऊन येत होतो. पावसाचे टपोरे थेंब पडू लागले. टायर बसलेला कळला, तरी मी उतरलो नाही. एका खड्ड्यात रिम खडकन आपटली. आणि पंक्चर काढण्यापूर्वी पोराने मला विचारलेही होते, “चाचा, हवा नसताना चालवली का?” मी म्हणालो, “छे!” खोटे बोलण्यासारखे त्यात काही नव्हते. केवळ पोरसवदा मुलाने आपल्याला काही सुनावू नये, एवढ्यासाठी बोललो.

दहाव्या-अकराव्या शतकातले बसऱ्याचे इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीच्या सिद्धांतांवर शंका घेणारा ग्रंथ लिहिला. सत्य शोधणाऱ्याने थोरामोठ्यांच्या लिखाणावर तर शंका घ्यावीच, पण तपास करताना स्वतःवरही घ्यावी, असे ते त्यात सांगतात. हे मी पूर्वी वाचले होते, आवडलेही होते. पण पंधरा दिवसांच्या तपासात मी पायडल, चेन, फ्रीव्हील, पोराचा हात, सगळे संशयाखाली आणले. माझे ते एक “छे!” तेवढे तपासाबाहेर राहिले.

दुकानात गेलो आणि उस्तादांसमोर पोराला सगळे सांगितले. माफी मागितली. कापलेली मजुरी मी देऊ केली. पोराने घेतली नाही. उस्तादांनी मात्र ती तिथल्या तिथे परत दिली. पोराने चाक शिवणीला लावले, आऊट काढला, दोन्ही स्पोक ताणून छेडले आणि मला ऐकायला लावले. “पुढच्या वेळी ढकलत आणा, चाचा,” एवढेच म्हणाला.

पण त्या सकाळी बाकावर चार माणसे होती आणि माफी मागताना बाक रिकामा होता. सर्वांदेखत केलेला आरोप एकांतात मागे घेता येतो का, हे मला अजून कळलेले नाही. दोघांना मी ओळखतही नाही. तिसऱ्यांना घरी जाऊन सांगितले. चौथे परवा बाजारात भेटले, सायकल हातात, हवा गेलेली. मी म्हटले, कोपऱ्यावर दुकान आहे की. तर म्हणाले, “तिथं नको. त्या पोराच्या हाताला सफाई नाही, तुम्हीच नाही का म्हणाला होता?” मी रस्त्यातच उभा राहून दळण, खड्डा, पोचा, सगळे पहिल्यापासून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. “असेल,” म्हणाले, आणि सायकल ढकलत पुढच्या चौकातल्या दुकानाकडे गेले.