मृत्युपत्रावरील मिती

मृत्युपत्राला आपण ‘शेवटची इच्छा’ म्हणतो. परंतु शेवटची कोणती? एकाच माणसाच्या पेटीत दोन कागद सापडतात. दोहोंवर त्याची सही, दोहोंवर साक्षीदार. एकात वाडी थोरल्याला, दुसऱ्यात धाकट्याला. मिती कोठेच नाही. मग बाप मेल्यावर दोन तोंडांनी बोलू लागतो आणि कालपर्यंत एका पंगतीत जेवलेले भाऊ कोर्टाची पायरी चढतात.

आम्हां ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्याच्या ६३ व्या कलमानुसार मृत्युपत्रकर्त्याची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत. (कागद स्वहस्ते लिहिला की साक्षीदार नकोत, हा आपल्याकडील एक भाबडा समज.) तारखेची सक्ती मात्र नाही. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्रावर ती अनिवार्य आहे. आपल्याकडे सक्ती नसली तरी गरज आहेच. ६९ व्या कलमान्वये विवाहामुळे पूर्वीचे मृत्युपत्र रद्द होते. विधुराने पुन्हा लग्न केले असेल, तर त्याचा कागद लग्नाआधीचा की नंतरचा, यावरच सारे अवलंबून राहते.

याच कायद्यातील ११८ व्या कलमाने आपल्या समाजाला पुष्कळ काळ जाचले. ज्याला पुतण्या, भाचा वा त्याहून जवळचा नातलग आहे, त्याने धर्मादायासाठी मिळकत ठेवायची तर मृत्युपत्र मरणापूर्वी किमान बारा महिने केलेले असावे, अशी त्यात अट होती. फादर जॉन वल्लामट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. तोवर मरणशय्येवरील माणसाने अनाथाश्रमाला शेत द्यावे म्हटले, तर कायदा आडवा येई. तेव्हा तारीख वर्षभर मागे लिहिली, तर ते पाप की पुण्य?

आमच्या मते ते पापच. हेतू पवित्र असेल. पण साक्षीदाराची सही ही साक्ष आहे आणि खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा देवाच्या नावाने केलेल्या दानालाही सूट देत नाही. शिवाय त्या दिवसाच्या खोटेपणाने वारसांचा हक्क जातो, तो त्यांच्या नकळत.

तारीख टाळण्यामागे नेहमी विसरच असतो असे नाही. मरणाला दिवस दिल्यासारखे वाटते म्हणून कोणी थबकतो. कोणी मुलांना जन्मभर टांगणीला ठेवण्यासाठी मुद्दाम कोरी जागा सोडतो. पहिल्याची कीव येते. दुसरा मात्र मेल्यावरही घरावर सत्ता गाजवू पाहतो. वतनाच्या वाटणीसाठी आलेल्या भावाला प्रभूने न्यायनिवाडा करण्याचे नाकारले, हे लूकच्या बाराव्या अध्यायात आहे. असा वाद मुलांच्या वाट्याला ठेवून जाण्याचा अधिकार बापाला कोणी दिला?

घरात असा बिनतारखेचा कागद असेल, तर त्यावर आज तारीख घालू नये. नवा लिहावा, त्यात पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे नमूद करावे, आणि ज्यांना त्यातून काही मिळायचे नाही अशा दोघांसमोर, त्याच दिवसाची मिती घालून सही करावी.