शेवटचं औषध कोणाचं?

रक्तदाबाची गोळी मी घेतली म्हणून शेजाऱ्याच्या गोळीचा गुण कमी होत नाही. प्रतिजैविकांचं तसं नाही. त्यांच्या माऱ्यातून तगलेले जिवाणू वाढतात, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात आणि औषध सगळ्यांसाठीच बोथट होत जातं. पैसे मी मोजले तरी औषधाची ताकद माझ्या एकट्याच्या मालकीची नसते.

पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने अपुरं पेनिसिलीन घेतो. औषधाला सरावलेले जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन चालत नाही आणि ती मरते. दोषी कोण? नवरा, असा फ्लेमिंग यांचा निवाडा.

मला तो फार सोपा वाटतो. अतिदक्षता विभागात असा एकच नवरा सापडत नाही. तिथे जंतू हातांवरून, कॅथेटरवरून, व्हेंटिलेटरच्या नळीतून पोचतात. बाकीची औषधं हरली की डॉक्टर कोलिस्टिन काढतात. मूत्रपिंडांना इजा होते म्हणून एकेकाळी मागे पडलेलं हे जुनं औषध. तेही सर्रास वापरलं तर उद्याच्या रुग्णासाठी काय उरेल?

म्हणून आजच्या रुग्णाला ते नाकारायचं का? माझी आई त्या खाटेवर असती तर मी ‘द्या’ म्हणालो असतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. मरणाच्या दारातल्या माणसाकडे अनोळखी लोकांसाठी त्याग मागणं ही नीती नव्हे.

त्याग मागायचा तो ज्याला थांबणं परवडतं त्याच्याकडे. सर्दी विषाणूंमुळे होते, प्रतिजैविकाने ती हटत नाही. तरी ‘काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणणारे आपणच. भारतात २०१४ पासून ‘एच-१’ यादीतल्या औषधांची विक्री दुकानदाराने रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नावासह वेगळ्या वहीत नोंदवायची आहे. पण आपण चिठ्ठीशिवाय मागायचं थांबलो नाही, तर वही काय करणार?

अर्थात, थांबणंही सगळ्यांना सारखं परवडत नाही. ज्याची रोजी बुडते तो लवकर बरं व्हायची घाई करणारच. खाटांमागून खाटा सांभाळणाऱ्या नर्सला दर रुग्णामागे हात धुवायला वेळ कुठून मिळणार? पुरेशा नर्स न नेमणारं व्यवस्थापन मला फ्लेमिंग यांच्या त्या नवऱ्यापेक्षा मोठं दोषी वाटतं. त्याला निदान परिणाम ठाऊक नव्हता.