तेरा तासांची रात्र

थंडीतल्या लांब पल्ल्याच्या भटकंतीची तयारी करताना बहुतेक जण चालण्याचा विचार करतात. किती किलोमीटर, किती चढ, कोणते बूट. माझ्या मते विचार रात्रीपासून सुरू व्हायला हवा. पौषात आपल्याकडे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत सुमारे 13 तास जातात. बारीतून 1646 मीटरचं कळसूबाई चढायचं, मग रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगड गाठायचा आणि टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं, असा बेत आखला की रोजचं चालणं होतं सात-आठ तासांचं. बाकीचा वेळ बसून आणि पडून काढायचा असतो. तो उबेत जाणार की कुडकुडण्यात, हे घरी सॅक भरतानाच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

गरम कपडे आपल्याला गरम करतात, असं आपण लहानपणापासून धरून चालतो. स्वेटर, कानटोपी, स्लीपिंग बॅग यांतलं काहीच उष्णता तयार करत नाही. शरीरात जी तयार होते ती बाहेर जायला उशीर लावणं, एवढंच त्यांचं काम, आणि तेही त्यांच्यात कोंडलेली हवा करते. म्हणून कितीही महागाची बॅग घेतली तरी पाठीखालची बाजू अंगाच्या भाराने दबते, हवा निघून जाते आणि जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. अंगावरच्या दुसऱ्या पांघरुणापेक्षा अंगाखालची चटई जास्त कामाची. गावात मुक्काम असेल तर यजमान आपणहून पेंढा पसरून देतात आणि त्यावर घोंगडी टाकतात. हवा कोंडून धरणारा पेंढा आणि ओलसर झाली तरी ऊब न सोडणारी लोकर, हे शास्त्र त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

मुक्कामाची जागाही आधीच नकाशावर हेरून ठेवावी. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन उताराने खाली ओघळते, ओढ्याकाठी साचते. पाणी हाताशी म्हणून ओढ्यालगत तंबू ठोकणाऱ्याला पहाटे तंबू दवाने निथळताना दिसतो, आणि पंचवीस-तीस मीटर वर, झाडांच्या आडोशाला झोपलेला त्याच रात्री सुखात असतो. कड्याच्या अगदी काठावर मात्र वारा झोपू देत नाही. शेकोटीवर भिस्त ठेवू नये. या वाटेचा मोठा भाग अभयारण्यातून जातो आणि हिवाळ्यात वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं. आग न पेटवता रात्र काढता येईल इतकी तयारी असणं हे त्या डोंगराशी वागण्याचं किमान सौजन्य आहे.

मग ऊब कुठून येणार? पोटातून. इथे आपल्या स्वयंपाकघराचं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिळगूळ, डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, हे सगळं नेमकं थंडीतच का, याचं उत्तर सॅकचं वजन करताना लख्ख कळतं. एक ग्रॅम स्निग्धांशातून 9 कॅलरी मिळतात, पिष्टातून किंवा साखरेतून 4. पाठीवर चार-पाच दिवसांचं खाणं वाहायचं असतं तेव्हा हा फरक खांद्यांना जाणवतो. झोपायच्या आधी खाल्लेला तुपातला लाडू पहाटेपर्यंत साथ देतो.

या बाबतीतला सर्वांत विलक्षण प्रयोग माणसांनी स्वतःवर केला तो अंटार्क्टिकात. 27 जून 1911 रोजी, ध्रुवीय हिवाळ्याच्या ऐन काळोखात, एडवर्ड विल्सन, हेन्री बावर्स आणि अॅप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे दक्षिण ध्रुव गाठू पाहणाऱ्या स्कॉटच्या मोहिमेच्या तळावरून केप क्रोझियरकडे निघाले. सम्राट पेंग्विन हिवाळ्यातच अंडी घालतो आणि विल्सनला ती अंडी अभ्यासायची होती. वाट एका बाजूने शंभरेक किलोमीटरची, थंडी उणे 60 अंशांपर्यंत उतरणारी. पुढच्या उन्हाळ्यातल्या ध्रुवाच्या मोहिमेसाठी शिधा ठरवायचा म्हणून तिघांनी जेवण वेगवेगळं ठेवलं. विल्सनकडे लोणी जास्त, बावर्सकडे पेमिकन, म्हणजे सुकं मांस आणि चरबी यांचा गोळा, आणि चेरी-गॅरार्डकडे बिस्किटं. बिस्किटांवर राहिलेल्याला थंडी अधिक बाधली, चरबीसाठी जीव कासावीस होऊ लागला. विल्सनला आपलं लोणी संपवता येईना. शेवटी दोघांनी अदलाबदल केली. नऊ आणि चारचा हिशेब त्यांच्या शरीरांनी असा मांडून दाखवला.

त्या प्रवासातली दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. त्यांचा खरा छळ ओलाव्याने केला. तिघे जड स्लेज ओढत होते, घाम येत होता, आणि तो कपड्यांतच गोठत होता. श्वासातली वाफ झोपायच्या पिशव्यांत शिरून बर्फ होत होती. परत आल्यावर तोलल्या तेव्हा त्या पिशव्या दुपटीहून जड झाल्या होत्या. एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूतून बाहेर आला, आजूबाजूला पाहायला त्याने मान वर केली आणि क्षणात कपडे तसेच गोठले. पुढचे चार तास त्याने मान वर केलेल्या अवस्थेतच स्लेज ओढली. आपल्या सह्याद्रीत असं काही होत नाही, पण नियम तोच आहे. पहाटे गारठ्यात सगळे कपडे चढवून निघायचं, अर्ध्या तासात चढावर घामाघूम व्हायचं आणि खिंडीत वाऱ्याला थांबायचं, ही चूक दर हिवाळ्यात दिसते. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. अंगातला सुती बनियन भिजला की लवकर वाळत नाही आणि तेवढा वेळ अंगातली ऊब शोषतो. म्हणून झोपण्याचे कपडे वेगळे, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेले, आणि काहीही झालं तरी दिवसा न घालायचे.

थंडीने बोटं बधिर होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण डोकंही बधिर होतं. शरीराच्या आतलं तापमान 37 वरून 35 अंशांखाली गेलं की माणूस अडखळतो, पुटपुटतो, वस्तू हातातून निसटतात, आणि आपलं काही बिघडलंय हे त्याचं त्यालाच कळत नाही. तितकी वेळ आली नाही तरी दमलेल्या, गारठलेल्या माणसाला साधा निर्णय जड जातो. म्हणजे घरातल्या उजेडात, गरम चहा पीत आपण जी सॅक भरतो, ती उद्याच्या एका मंद झालेल्या माणसासाठी. तो शोधाशोध करणार नाही, विचार करणार नाही, हात जाईल तिथे जे सापडेल तेच वापरेल. हे मनाशी धरलं की सॅक वेगळी भरली जाते. तळाशी स्लीपिंग बॅग, पाठीलगत मधोमध जड शिधा, वरच्या कप्प्यात टॉर्च आणि वाऱ्याचं जॅकेट. चेनच्या बारक्या पट्टीला जाड नाडीचा फास, म्हणजे हातमोज्यांतूनही ओढता येतो. काडेपेटी दोन ठिकाणी. मी खोलीतला दिवा मालवून, डोळे मिटून टॉर्च काढून पाहतो.

पायांचा सराव वेगळा सांगायला नको. सिंहगडावर पहाटे पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन चढणारे, आणि गुडघ्यांना जपायचं म्हणून ते पाणी माथ्यावर झाडांना घालून रिकाम्या पाठीने उतरणारे लोक भेटतात. ही पद्धत मला मनापासून पटते.

उरतो एक कागद. कोणत्या दिवशी कोणत्या गावात मुक्काम, सोबत कोण, वाट सोडायची वेळ आली तर उतरायचं कुठून, आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. तो आईकडे देताना ती दर वेळी विचारते, इतक्या थंडीत कशाला. मी तिला मुक्कामांची नावं वाचून दाखवतो, ती कुमशेतपाशी थांबवते, तिथे रात्री जेवायला काय मिळेल ते विचारते, आणि लाडवांचा डबा आणखी थोडा भरते.